सेप्टिक टाकीतून विहिरीत काय जातं? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात सेप्टिक टाकीवर छोटं टिपण दिलं होतं, त्यात एक वाक्य होतं की टाकी मैला अडवते पण नायट्रोजन अडवत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून कुणाचंच छापलं नाही, फक्त गाव किंवा भाग लिहिलाय. पहिल्या पत्राला खूप जागा गेलीय, पण कोकणातल्या निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच येतं, त्यामुळे बाकीच्यांनी कृपया तेच आपलं समजून वाचा.

प्रश्न (राजापूर तालुका): आमचं घर चिऱ्याचं, कातळाच्या कडेला. घरात आम्ही पाच जण, आणि दोन वर्षांपासून दोन खोल्या पर्यटकांना देतो, म्हणजे वर्षभराची सरासरी धरली तर रोजची आठ माणसं होतात. टाकी १९९८ ची आहे, तिचं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि खड्डा विहिरीपासून २२ फुटांवर. खड्डा आजपर्यंत एकदाही तुंबला नाही. विहिरीचं पाणी नितळ, चवीला गोड, वास नाही. मुलाने हट्टाने तपासायला दिलं तर नायट्रेट ६८ आलं, शेरा 'पिण्यास अयोग्य'. सासूबाई म्हणतात उकळून पिऊ. सुनेला सहावा महिना लागलाय, म्हणून जास्त काळजी. काय करायचं?

उत्तर: ताई, आधी आजच्या आज करायचं ते सांगतो. नायट्रेट घालवण्यासाठी पाणी उकळू नका. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट हा विरघळलेला क्षार आहे, तो कुठे जात नाही. आमटी आटली की खारट लागते ना, तसंच पाणी जितकं आटेल तितकं नायट्रेट दाट होतं. साध्या कॅन्डलच्या, कोळशाच्या किंवा यूव्हीच्या फिल्टरनेही ते जात नाही. आरओने बऱ्यापैकी कमी होतं. पण सध्या सगळ्यात सोपं म्हणजे सुनेचं प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी दुसरीकडून आणा, आणि ती दुसरी विहीरही तपासूनच. आंघोळ, कपडे, भांडी यांना तुमच्याच विहिरीचं चालेल. बाळ झाल्यावर अंगावरचं दूध असेल तर या बाबतीत चिंता नको, पण पावडरचं दूध द्यायची वेळ आली तर ते या पाण्यात अजिबात कालवायचं नाही, पहिले सहा महिने तर नाहीच नाही. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवामध्ये कॉमली नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा दाखवून दिलं की विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधाने तान्ही बाळं निळसर पडत होती. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि मग रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही.

आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा पर्याय नसेल तर इतकं चालेल अशी सूट काही घटकांना दिलीय ती नायट्रेटला दिलेली नाही. एक गोष्ट मात्र रिपोर्टवर नीट बघा, काही लॅब 'नायट्रेट' म्हणून आकडा देतात आणि काही 'नायट्रेट नायट्रोजन' म्हणून, दोन्हीत साडेचार पटींच्या आसपास फरक आहे. ४५ नायट्रेट म्हणजे साधारण १० नायट्रोजन. तुमचे ६८ नायट्रेटच आहेत असं पत्रावरून दिसतं, पण लॅबला एकदा विचारून घ्या. आणि त्याच विहिरीची जंतूंची तपासणीही करून घ्या, २२ फूट म्हणजे ती शंका घ्यायलाच हवी. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे दोन्ही होतं. एकदा मे महिन्यात आणि एकदा पहिला जोरदार पाऊस होऊन गेल्यावर असं दोनदा द्या, आकडे वेगळे येतील आणि त्या फरकातूनच बरंच कळेल.

आता हे टाकीतूनच येतंय का? गोठा, उकिरडा, कलमांना घातलेलं खत, यातूनही नायट्रेट येतं, म्हणून विहिरीच्या वरच्या अंगाला यातलं काय काय आहे ते फिरून बघा. पण तुम्ही जे लिहिलंय ना, खड्डा एकदाही तुंबला नाही, तिथेच माझं लक्ष गेलं. लोक हे कौतुकाने सांगतात. चिऱ्याच्या खाणीत ताजी कापलेली भिंत जवळून बघितली असेल तर आठवा, जांभा, म्हणजे ज्याचे चिरे निघतात तो दगड, नुसती भोकं, बोट जाईल एवढी, कुठे मनगट जाईल एवढी, मध्ये पिवळी माती आणि ती पावसात वाहून जाते. अशा दगडात खड्डा तुंबणार कसा, पाणी थांबतच नाही. मातीतून झिरपायला जे आठवडे लागायला हवेत ते इथे काही तासांत होऊ शकतं. सेप्टिक टाकीच्या आपल्या भारतीय मानकात शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठेक फूट लांब ठेवायला सांगितलंय, तेही जंतूंच्या भीतीने. तुमचा २२ फूट आहे आणि खाली जांभा. शिवाय पावसाळ्यात विहीर वर येते तेव्हा खड्ड्याचा तळ आणि विहिरीचं पाणी जवळजवळ एका पातळीवर येत असणार.

नायट्रोजन किती जातो ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. आपल्याकडच्या जेवणात माणसाच्या शरीरातून दिवसाला साधारण ७-८ ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो, आणि त्यातला बहुतेक लघवीतून. आठ माणसांचा झाला रोजचा ६० ग्रॅम. वर्षाचा काढा, जवळपास २२ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २१ किलोच्या आत नायट्रोजन असतो. म्हणजे दर वर्षी युरियाची एक अख्खी गोणी विहिरीपासून २२ फुटांवर जमिनीत ओतल्यासारखंच आहे, टाकीच्या गाळात त्यातला थोडासाच राहतो. दुसऱ्या बाजूने बघा, ६० ग्रॅम नायट्रोजन १० मिलिग्रॅमच्या मर्यादेत बसवायला रोज ६००० लिटर स्वच्छ पाणी त्यात मिसळायला हवं. पावसाळ्यात आभाळ ते काम करतं. मार्चपासून कोण करणार?

टाकी का अडवत नाही, तर टाकीचं काम जड ते खाली बसवणं आणि हलकं ते वर साय धरून ठेवणं, एवढंच. लघवीतला युरिया टाकीत अमोनिया होतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. बाहेर हवा मिळाली की जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेटला माती धरून ठेवत नाही, पाणी जाईल तिथे ते जातं. हे काम जिवंत जीव करतात हे १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी सांडपाणी वाळूतून गाळून दाखवलं होतं, वाळूत क्लोरोफॉर्म सोडलं की नायट्रेट बनणं बंद पडायचं. तर नायट्रोजन खरोखर घालवायचा असेल तर पायऱ्या दोन. आधी हवेत अमोनियाचं नायट्रेट होऊ द्यायचं, मग तेच पाणी जिथे हवा नाही पण जिवाणूंना खायला कार्बन आहे अशा जागी न्यायचं. तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो, हवेत तसाही तो ७८ टक्के आहे. हा क्रम उलटा चालत नाही. टाकीत हवा नाही हे खरं, पण तिथे नायट्रेटही नाही, म्हणून नुसती टाकी कितीही मोठी बांधली तरी उपयोग नाही.

तुमच्याकडे उतार आहे असं तुम्ही पत्रासोबतच्या नकाशात काढलंय, हे फार चांगलं आहे. माझा सल्ला असा. जुना शोषखड्डा बंद करायचा, टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपला पुढे नेऊन विहिरीच्या खालच्या अंगाला, साठ फुटांहून जितकं लांब जमेल तितकं लांब, एक वाफा खणायचा. आठ माणसांचं न्हाणी-संडास-मोरी धरून ८०० लिटर पाणी धरलं तर वाफा साधारण १८ चौरस मीटर, म्हणजे ३ बाय ६ मीटर लागेल. तळाला आणि बाजूंना जाड प्लास्टिकचा कागद, तो फाटू नये म्हणून खाली मातीचा थर. त्यावर दीड फूट वाळू आणि लाकडाचा भुसा निम्मा निम्मा मिसळून, त्यावर दीड फूट नुसती जाड, धुतलेली वाळू. बाहेर जायचा पाइप तळातून घ्यायचा पण त्याचं तोंड भुशाच्या थराच्या उंचीला वर आणून सोडायचं, म्हणजे खालचा थर कायम पाण्यात बुडालेला राहील आणि वरची वाळू कोरडी, हवेशीर. पाणी वरून भोकाच्या पाइपांनी सगळीकडे सारखं पडलं पाहिजे आणि एकदम नाही, दिवसभरात थोडं थोडं, त्यासाठी छोटा पंप आणि टायमर लागतो. एकाच कोपऱ्यात धो धो पडलं तर तेवढीच वाळू चोंदते आणि बाकी वाफा उपाशी. बाहेर आलेलं पाणी मग केळी, माड, कर्दळ यांच्या चरात सोडा.

वाळू-भुशाचा हा प्रकार काही माझा नाही. कॅनडात रॉबर्टसन आणि चेरी यांनी १९९० च्या दशकात सेप्टिकच्या पाण्याच्या वाटेत भुशाचे थर पुरून बघितले होते आणि त्यातला एक १५ वर्षांनीही नायट्रेट काढत होता. न्यूयॉर्कच्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात घरगुती टाक्यांसाठी दीड फूट वाळू आणि खाली दीड फूट वाळू-भुसा असाच वाफा तयार केलाय. मी आपल्याकडे एका घरी केला तेव्हा पहिले तीन आठवडे खालून चहासारखं तपकिरी पाणी आलं आणि घरातल्या आजी म्हणाल्या, हे कसलं शुद्ध केलंत? ते लाकडातलं टॅनिन होतं, धुऊन गेलं. मग नायट्रेट असलं की गुलाबी होणाऱ्या पट्ट्या बुडवून बघितल्या, टाकीच्या पाण्यात नायट्रेटची पट्टी पांढरीच, वरच्या वाळूखालून काढलेल्या पाण्यात गडद गुलाबी, आणि भुशाखालून आलेल्या पाण्यात बघावं लागलं की गुलाबी आहे का नाही इतकी फिकट. एका वाफ्याच्या तीन जागा आणि तीन रंग, आजींनी त्या पट्ट्या वाळवून पंचांगात ठेवल्यात.

भुशाबद्दल एक, सुतारकामातला साधा सागाचा, आंब्याचा, फणसाचा भुसा घ्या, प्लायवूडचा किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा नको. आणि कोकणासाठी खास गोष्ट, जी परदेशातल्या पुस्तकांवरून काम करणाऱ्यांच्या हातून राहते. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे पाण्यातला सात मिलिग्रॅमच्या वर चुना खर्च होतो. जांभ्यातलं पाणी आधीच मऊ, त्यात चुना कमी. मग मध्येच पाणी आंबट होतं आणि जिवाणू काम टाकतात, निम्मा अमोनिया तसाच खाली उतरतो. उपाय तुमच्या दारातच आहे, कालवांच्या आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या. धुऊन, कुटून वरच्या वाळूत मिसळा, त्या हळूहळू विरघळत राहतात. दर दोन-तीन वर्षांनी वरून थोड्या आणखी.

काही जण न्हाणीचं पाणी वेगळं काढून अळू-केळीला सोडतात, आपल्याकडे न्हाणीमागे अळू असायचंच, ते मला मनापासून आवडतं. पण हा वाफा केलात तर सगळं पाणी वळवू नका, कारण मग वाफ्यावर नुसतं संडासचं दाट पाणी जातं आणि त्यातला अमोनिया तिथल्या जिवाणूंना झेपत नाही. वाफा उंच बांधा, पागोळ्यांचं पाणी बाजूने काढून द्या, नाहीतर जुलैमध्ये तळं होईल.

आणि टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायचीच, १९९८ पासून किती वेळा उपसली ते पत्रात नाही. गाळ भरला की तो वाफ्यात येतो आणि वाळू कायमची जाते. साताऱ्यातल्या वाई आणि नाशिकमधल्या सिन्नर या नगरपालिकांनी तक्रारीची वाट न बघता ठरल्या वेळी घरोघरच्या टाक्या उपसायची पद्धत सुरू केली, तसं गावागावात व्हायला पाहिजे. उपसा व्हॅक्यूमच्या टँकरनेच. कुणालाही, अगदी एक मिनिटासाठीही, टाकीत उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने तर ते बंद आहेच, पण कायदा नसता तरी नाही म्हणजे नाही. टाकीतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत पडतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तोही पडतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि ती दुपार माझ्या डोक्यातून जात नाही.

प्रश्न (सोलापूर): टाकीत महिन्याला गूळ, ताक आणि ईस्ट टाकलं की सगळं आपोआप जिरतं असं ऐकलं. बाजारात बायो पावडरही मिळते. नायट्रोजन त्याने जातो का?

उत्तर: नाही जात. टाकीत जिवाणूंची कमतरता कधीच नसते, ते रोज संडासातून भरपूर येतात. वर लिहिलंय तसं टाकीत नायट्रेट नसतं म्हणून तिथे टाकलेला गूळ वाया. गुळाचा खरा उपयोग पुढच्या पायरीला आहे, म्हणजे हवा देऊन नायट्रेट झालेल्या पाण्याला बिनहवेच्या टाकीत खाऊ म्हणून थोडं गूळपाणी दिलं तर ते काम करतं, मोठ्या प्लांटमध्ये याच कामाला मिथेनॉल वापरतात. चुकीच्या जागी तोच गूळ टाकला की फक्त गाळ वाढतो. पावडरचे पैसे साठवा आणि उपशाला द्या.

प्रश्न (गोवा, सासष्टी): आमच्याकडे एकाने सुचवलंय की टाकीनंतर कर्दळीचा वाफा करा, झाडं सगळा नायट्रोजन खाऊन टाकतात. जमीन रेताड, समुद्र जवळ, विहीर आहे. हे पुरेल?

उत्तर: कर्दळ, पाणकणीस, लव्हाळं यांचे वाफे चांगलेच असतात, नागपूरच्या नीरी संस्थेने फायटोरिड नावाने हेच तंत्र देशभर नेलंय. वास जातो, घाण बरीच कमी होते, दिसायला छान. पण झाडं सगळा नायट्रोजन खातात हे बरोबर नाही, झाडांच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो, मुख्य काम खडीवर आणि मुळांवर वाढलेले जिवाणू करतात. आणि पाणी आडवं वाहणाऱ्या, कायम भरलेल्या वाफ्यात हवा कमी, म्हणून अमोनिया अमोनियाच राहतो. उपाय असा की दोन वाफे करा, पहिला उभा, ज्यात पाणी वरून सोडून खाली निथळून जातं आणि मधल्या वेळात हवा आत शिरते, दुसरा आडवा, भरलेला. पहिल्यात नायट्रेट होईल, दुसऱ्यात जाईल. कर्दळ वर्षातून दोनदा कापा आणि कापलेलं वाफ्यातच कुजू देऊ नका, नाहीतर तिने घेतलेला नायट्रोजन परत तिथेच येतो. रेताड जमिनीत वाफ्याचा तळ पक्का हवा, हे विसरलात तर पहिल्याच आठवड्यात सगळं पाणी विहिरीच्या दिशेने.

प्रश्न (पुण्याच्या पश्चिमेकडची एक सोसायटी): आमच्या ६० फ्लॅट्सच्या एसटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचा) रिपोर्ट आलाय, अमोनिया २, नायट्रेट नायट्रोजन ३२, पीएच ६.३. परवान्यात टोटल नायट्रोजन १० लिहिलंय. ऑपरेटर म्हणतो टाकीत हवा सोडणारा ब्लोअर आधीच २४ तास चालू आहे, अजून एक ब्लोअर घ्यावा लागेल. कमिटी वैतागलीय, वीजबिल आधीच जास्त आहे.

उत्तर: ब्लोअर घेऊ नका. तुमच्या रिपोर्टमध्येच उत्तर लिहिलंय. अमोनिया २ म्हणजे हवेचं काम पूर्ण झालंय, आणखी हवा देऊन नायट्रेट कमी होणार नाही, उलट दुसरी पायरी कधी सुरूच होणार नाही. तुमच्याकडे हवेच्या टाकीच्या आधी एखादी इक्वलायझेशनची (येणारं सांडपाणी आधी साठवायची) किंवा रिकामी पडलेली टाकी असेल तर तिला हवेशिवायची टाकी करा, फक्त हळू फिरणारा मिक्सर, हवा नाही, ऑक्सिजन अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली. हवेच्या टाकीतून बाहेर पडणारं पाणी पंपाने या टाकीत परत आणा, येणाऱ्या सांडपाण्याच्या साधारण तिप्पट. ताज्या सांडपाण्यात कार्बन भरपूर असतो, तोच जिवाणूंचा खाऊ, वेगळं काही टाकायला नको. तिप्पट फिरवलं तर हिशोबाने तीन चतुर्थांश नायट्रोजन जाऊ शकतो, तुमचे ३४ साडेआठवर येतील. प्रत्यक्षात थोडं वर-खाली, म्हणून महिनाभर आठवड्याला एक रिपोर्ट काढा.

पीएच ६.३ चंही कारण हेच. हवेच्या पायरीला जेवढा चुना खर्च होतो त्यातला निम्मा बिनहवेच्या पायरीत परत मिळतो, तो तुम्ही आज फुकट घालवताय आणि मग ऑपरेटर सोडा टाकत बसतो. शिवाय नायट्रेटमधला ऑक्सिजन जिवाणूंनी वापरला की तेवढी घाण ब्लोअरशिवाय कमी होते, म्हणजे वीज वाचते. वेगळी टाकीच नसेल तर ब्लोअरला टायमर लावून थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असं करता येतं, पण बंद असताना पाणी ढवळलं गेलं पाहिजे आणि अमोनिया वर जातोय का ते बघत बघत वेळ ठरवायची. ऑपरेटरला दोष देऊ नका, त्याला कुणी तरी ब्लोअर म्हणजे ट्रीटमेंट असंच शिकवलेलं असतं. त्याला नायट्रेटच्या पट्ट्यांचा एक डबा आणून द्या आणि रोज दोन जागी बुडवायला सांगा.

प्रश्न (लाँग आयलंड, न्यूयॉर्क): आम्ही सफोक काउंटीत जुनं घर घेतलं, त्याला सेसपूल, म्हणजे मैलापाण्याचा नुसता शोषखड्डा आहे. घर वाढवतोय तर नायट्रोजन काढणारी नवीन सिस्टीम बसवायची आहे. गावी आमच्या टाकीला कुणी विचारत नाही, इथे एवढा आग्रह का? आणि दर डिसेंबरला महिनाभर आम्ही भारतात असतो, तेव्हा सिस्टीम मरेल का?

उत्तर: तुमच्या पायाखाली वाळू आहे आणि त्या वाळूतलंच पाणी तुमच्या नळाला येतं, सगळं सफोक भूजलावर जगतं, दुसरा स्रोत नाही. सफोकमध्ये साडेतीन लाखांहून जास्त घरं सीवरशिवाय आहेत. तो नायट्रोजन खाड्यांमध्येही उतरतो. १९८५ मध्ये तिथे ब्राउन टाइड नावाचं शेवाळ आलं आणि पेकॉनिक बे मधल्या स्कॅलप नावाच्या शिंपल्यांचा धंदा बसला. त्या शेवाळामागे नायट्रोजन एकटाच नाही, पण खाड्या बिघडण्यात त्याचा मोठा हात आहे हे तिथे सगळ्यांनी मान्य केलंय. म्हणून २०१६ मध्ये काउंटीने या सिस्टीमसाठी नियम केले, बाहेर पडणाऱ्या पाण्यात टोटल नायट्रोजन लिटरला १९ मिलिग्रॅमपर्यंत, आणि जुलै २०२१ पासून नवीन बांधकामाला त्या सक्तीच्या केल्या. जुन्या घरांना अनुदान आहे, काउंटीकडे आधी अर्ज करा आणि मंजुरी आल्याशिवाय खणायला सुरुवात करू नका.

महिनाभराने सिस्टीम मरत नाही. जिवाणू उपाशी राहून मंद होतात, परत आल्यावर काही दिवसांत ते सावरतात. फक्त निघताना सिस्टीमचा ब्रेकर बंद करून जाऊ नका, सगळे हेच करतात, घराची लाइट बंद करताना तोही खाली. हवा बंद झाली की जे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात त्यांचं काम थांबतं आणि परत पूर्ण सावरायला आठवडे लागू शकतात, त्यात जानेवारीची थंडी, पाणी १० अंशांच्या खाली गेलं की ते तसेही फार हळू वाढतात. दुसरं, तळणीचं तेल आणि तूप सिंकमध्ये नको, कढई आधी कागदाने पुसा. ब्लीच थोडंच. आणि घरी गणपती बसवत असाल, दीड दिवसात तीस-चाळीस माणसं येत असतील, तर त्या दोन दिवसांत वॉशिंग मशीन लावू नका, एवढ्याने टाकीला श्वास मिळतो.

प्रश्न (सांगली, निवृत्त शिक्षक): नायट्रोजन मुख्यतः लघवीत असतो म्हणता, तर ती आधीच वेगळी काढली तर? माझ्याकडे परसात पेरू, चिक्कू, केळी आहेत. घरात दोघंच. लोक हसतील म्हणून पत्नी नको म्हणते.

उत्तर: सर, सगळ्या पत्रांमध्ये मला तुमचंच पत्र सगळ्यात जास्त आवडलं. घरातल्या एकूण सांडपाण्यात लघवी म्हणाल तर शंभरातला एखादा लिटर, पण नायट्रोजनचा ८० टक्क्यांहून जास्त भाग त्यात. तो एक लिटर वेगळा ठेवला तर बाकीच्या नव्याण्णव लिटरला फार काही करावंच लागत नाही. पाण्यात एकदा मिसळल्यावर तोच नायट्रोजन काढायला वाफे, पंप, ब्लोअर, सगळं लागतं.

झाकणाचा प्लास्टिकचा कॅन घ्या, तोंडाला नरसाळं आणि नरसाळ्यात एक हलका चेंडू, म्हणजे वास वर येत नाही. लोखंड किंवा तांब्याचं भांडं नको, गंजतं. कॅन कायम घट्ट बंद, कारण उघडा राहिला तर अमोनिया उडून जातो, म्हणजे वासही येतो आणि खतही जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनात घरच्या माणसांची लघवी घरच्याच बागेला वापरायची असेल तर साठवून ठेवायची सक्ती नाही, पण मी तरी महिनाभर ठेवायला सांगेन. एका भागाला सात-आठ भाग पाणी, खोडाला चिकटून नाही तर आळ्याच्या कडेला उथळ चर करून त्यात ओतायचं आणि लगेच माती ओढायची. पानांवर कधीच नको. पालेभाज्यांना घालू नका, फळझाडांनाही तोडणीच्या आधी एक महिना बंद. तुमच्या दोघांचा वर्षाचा लघवीतला नायट्रोजन म्हणजे नऊ-दहा किलो युरिया होतो. केळी खातेच भरपूर, पेरू-चिक्कूला पावसाच्या सुरुवातीला आणि पुन्हा सप्टेंबरात द्या, आणि मुसळधार पावसाच्या आदल्या दिवशी देऊ नका, वाहून जाईल. कुणाकडे बोअर किंवा विहीर जवळ असेल तर त्या बाजूचं झाड सोडून द्या. वहिनींना सांगा की सुरुवात एका केळीपासून करू, बाकीच्या तशाच ठेवू, आणि घड आला की दोन्ही शेजारी ठेवून फोटो पाठवा.